गेटवेहून यॉटची सफर: आधी वेळ ठरवा, मग बोट

मुंबईत अख्खा जन्म काढलेल्या माणसानेही हे शहर बहुधा जमिनीवरूनच पाहिलेले असते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून समुद्र पाहणे वेगळे आणि समुद्रात बसून शहर पाहणे वेगळे. रेल्वे आणि विमाने येण्यापूर्वी दूरदेशीच्या प्रवाशाला मुंबईचे पहिले दर्शन पूर्वेकडच्या बंदरातून होत असे आणि ते दर्शन आजही घेता येते. गेटवे ऑफ इंडियासमोर, म्हणजे जुन्या पालवा बंदरावर, शिडाच्या आणि इंजिनाच्या यॉट भाड्याने मिळतात आणि दीड-दोन तासांत माणूस बंदर फिरून परत येतो.

पाहुणे आले की आमच्या घरी ही सफर ठरते, त्यामुळे ती अनेकदा घडली आहे. काही वेळा फार सुंदर झाली, एकदोनदा फसली. जिथे फसली तिथे कारण बहुतेक वेळा एकच होते. आम्ही बोटीची छायाचित्रे पाहिली, दर विचारला, सर्वांच्या सुट्टीचा दिवस धरला आणि घड्याळातली वेळ सगळ्यांत शेवटी, जी मिळाली ती, घेतली. हा क्रम उलटा हवा. वारा कधी सुटतो, पाणी कधी चढते आणि ऊन कोणत्या बाजूने पडते या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, त्यावरून वेळ ठरवावी आणि मग त्या वेळेला कोणती बोट मिळते ते शोधावे. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

हंगाम आणि वारा

जून ते सप्टेंबर हा काळ मनातून काढून टाकावा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात बंदराच्या तोंडातून मोठ्या लाटा आत येतात, प्रवासी वाहतूक बऱ्याच अंशी बंद असते आणि यॉटही पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या किंवा सुरक्षित जागी बांधलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला कोळीबांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, तेव्हापासून समुद्र हळूहळू निवळू लागतो. तरी हौशी प्रवाशाने ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबणे बरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. मार्च ते मे या काळात दुपारचा वारा जोरदार आणि भरवशाचा असतो, पण उन्हाचा तडाखाही तेवढाच असतो.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळी आठ-साडेआठपर्यंत जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो. त्यानंतर जमीन तापू लागते आणि साधारण दहा ते बाराच्या दरम्यान वारा जवळजवळ पडतो. या वेळेत शिडाची बोट भाड्याने घेतली तर शीड ओल्या धोतरासारखे लोंबत राहते आणि शेवटी इंजिन सुरू करावे लागते. दुपारी बारा-एकच्या सुमारास पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून खारा वारा सुटतो, तीन-चार वाजता तो ऐन भरात असतो आणि सूर्य मावळताना मंदावतो.

मुंबई बंदराची खरी खुबी येथेच आहे. हे बंदर शहराच्या पूर्वेला आहे आणि खारा वारा पश्चिमेकडून, कुलाब्याची चिंचोळी जमीन ओलांडून येतो. त्यामुळे शिडाला भरपूर वारा मिळतो, पण त्या वाऱ्याला लाटा उठवण्यासाठी लागणारे मोकळे पाणी मिळत नाही. म्हणून येथे बोट वेगाने जाते आणि तरी फारशी उसळत नाही. ज्यांना बोट लागते अशा मंडळींनाही या बंदरात सहसा त्रास होत नाही. फक्त किनाऱ्याच्या अगदी जवळ उंच इमारतींच्या आडोशाने वारा तुटक येतो, तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटे बोट रेंगाळली तर निराश होऊ नये.

भरती-ओहोटी: पंचांगातून मिळणारे उत्तर

मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरहून अधिक होऊ शकतो. चार मीटर म्हणजे एक मजल्याहून जास्त उंची. सकाळी जेथे तीन पायऱ्या दिसत होत्या तेथे संध्याकाळी पंधरा-वीस दिसू शकतात, आणि खालच्या पायऱ्या वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिल्याने त्यांच्यावर हिरवे शेवाळ आणि कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते, आणि दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून दिवस निश्चित केल्यावर मुंबईच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक जरूर पाहावे. तरीही कॅलेंडर हातात घेऊन महिन्यातले चांगले दिवस निवडायला याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

आता या हिशेबाचा उपयोग पाहा. संध्याकाळची सफर हवी असेल तर सप्तमी ते दशमी या तिथी सर्वांत सोयीच्या, कारण भरती सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान येते. चढताना-उतरताना पाणी वर असते आणि हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, असल्याने प्रवाहही सौम्य असतो. सकाळी सात ते नऊची सफर असेल तर दशमी ते द्वादशी पाहाव्यात. आणि पौर्णिमेची संध्याकाळ, जी बहुतेकांना सर्वांत मोहक वाटते, ती पायऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड असते, कारण सव्वाअकराच्या भरतीनंतर साडेपाचच्या आसपास उधाणाची, म्हणजे सर्वांत खोल, ओहोटी येते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. मावशीला घेऊन एका पौर्णिमेच्या संध्याकाळी गेलो होतो, चंद्र डोंगरामागून वर येताना तिला दाखवायचा होता. आयोजकाने पैसे घेताना ओहोटीबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. जेट्टीच्या काठावर आलो तर वरच्या पायऱ्या कोरड्या खडखडीत, मधल्या करड्या, आणि शेवटच्या सात-आठ पायऱ्या गर्द हिरव्या, ओल्या, दिव्याच्या उजेडात चकाकणाऱ्या. छोटी होडी त्यांच्याही खाली डुलत होती. होडीतला खलाशी उडी मारून वर आला, त्याने मावशीचा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, “मावशी, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. पाय कडेला नको, भिंतीच्या बाजूला टाका.” प्रत्येक पायरीवर तो आधी स्वतःचा अनवाणी पाय ठेवून पाहत होता. मावशी नीट उतरली, चंद्रही पाहिला, पण दीड तास तिच्या मनात परतीच्या पायऱ्याच होत्या. चंद्रोदय हवाच असेल तर या पायऱ्या मान्य करूनच जावे आणि गुडघे दुखणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसांना त्या दिवशी नेऊ नये.

ऊन कोणत्या बाजूला

गेटवे पूर्वाभिमुख आहे. सूर्य सकाळी समुद्रावर उगवतो आणि संध्याकाळी शहरामागे मावळतो. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्याने दरवर्षी कितीतरी लोक ‘समुद्रात बुडणारा सूर्य’ पाहायला गेटवेहून निघतात आणि त्यांना सूर्य इमारतींमागे जाताना दिसतो. सूर्यास्ताची सफर कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही. उलट ताजच्या घुमटाची आणि गेटवेच्या कमानीची काळी रेघ केशरी आकाशावर उमटते, ते दृश्य किनाऱ्यावरून कधीच दिसणार नाही. पण दगडाचा रंग, कमानीतली नक्षी, चेहऱ्यांवर समोरून पडणारा उजेड हवा असेल तर सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ घ्यावी. तेव्हा गेटवेचा पिवळसर बेसाल्ट अक्षरशः मधासारखा दिसतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरके असू शकते, त्यासाठी मन तयार ठेवावे.

डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मार्चमध्ये पावणेसातच्या आसपास आणि मेअखेर सव्वासातच्या जवळ. सूर्यास्ताची सफर सूर्यास्ताच्या दीड तास आधी सुरू व्हावी. तसे केले म्हणजे उत्तम वाराही मिळतो आणि अंधार पडण्यापूर्वी परत येता येते.

माझी निवड विचाराल तर ती अशी: जानेवारी किंवा फेब्रुवारी, अष्टमी किंवा नवमी, दुपारी साडेचार ते साडेसहा, आणि शिडाची बोट.

बोटीचा प्रकार

येथे तीन पर्याय असतात. शिडाची यॉट सुमारे २४ फूट लांबीची असते, तीत चार ते सहा प्रवासी आणि एक-दोन खलाशी बसतात, बसायला उघडी बाकडी असतात आणि शौचालय बहुधा नसते. इंजिनाची यॉट मोठी असते. तिच्यात केबिन, सावली, शौचालय आणि शिडी असते, वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि वृद्धांना व लहान मुलांना ती सोयीची पडते, मात्र तिचे भाडे पुष्कळ जास्त असते आणि इंजिनाची घरघर सतत सोबत राहते. तिसरा पर्याय गेटवेवरून सुटणाऱ्या साध्या प्रवासी लाँचच्या बंदरफेरीचा. पाण्याची भीती असलेल्या माणसाला आधी एकदा या फेरीत बसवून पाहावे. थोडक्या पैशांत त्याला स्वतःचा अंदाज येतो.

सगळे धडधाकट असतील तर शिडाची बोट घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरते, पाणी बोटीच्या कुशीला घासत जाण्याचा जो आवाज येतो, तो मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे कोठे मिळणार नाही.

एक तासाची सफर स्वस्त वाटते, पण हिशेब करून पाहावा. छोट्या होडीने यॉटपर्यंत जायला दहा मिनिटे, बसून शीड चढवायला दहा मिनिटे, परतताना पुन्हा तेवढीच. प्रत्यक्ष वाऱ्यावर जेमतेम वीस मिनिटे उरतात. म्हणून दोन तासच घ्यावेत. घारापुरीची लेणी मात्र या सफरीत जोडू नयेत. ते बेट सुमारे १० किलोमीटर दूर आहे, लेण्यांना किमान दोन तास हवेत आणि सोमवारी ती बंद असतात. तिच्यासाठी लाँचने स्वतंत्र दिवस काढावा.

आरक्षण करताना विचारायचे प्रश्न

दर सहसा संपूर्ण बोटीचा आणि ताशी असतो, माणशी नसतो. कर, जेट्टीचे शुल्क, छोट्या होडीचे भाडे आणि शनिवार-रविवारचा वाढीव दर त्यात धरले आहेत का, हे आधी स्पष्ट करून घ्यावे आणि पावती मागावी. पण पैशांच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. बोटीची नोंदणी आणि प्रवासी वाहून नेण्याचा परवाना आहे का? परवान्यावर किती प्रवाशांची संख्या लिहिली आहे? तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या मुख्य खलाशाकडे, बोट चालवण्याचे प्रमाणपत्र आहे का आणि सोबत आणखी एक खलाशी असतो का? लाइफ जॅकेट माणसागणिक आहेत का, आणि मुलांच्या मापाची वेगळी आहेत का? शिडाच्या बोटीला चालू स्थितीतले इंजिन आहे का? किनाऱ्याशी संपर्कासाठी वायरलेस आहे का? सूर्यास्तानंतर पाण्यावर राहण्याची परवानगी आणि त्यासाठी लागणारे दिवे, म्हणजे डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, बोटीवर आहेत का?

‘सहाची बोट आहे, पण आठ जण बसतील, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले तर तेथेच फोन ठेवावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात नौदलाची वेगवान नौका गेटवेहून निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शांत पाणी, लख्ख दुपार आणि किनारा नजरेत असतानाही असे घडू शकते, हे त्या दिवशी दिसले. लाइफ जॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळल्याशिवाय पाण्यावर पाऊल टाकू नये, हा नियम त्यानंतर आमच्या घरात कोणालाही सवलत न देता पाळला जातो.

हवामानामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हेही लेखी घ्यावे. वारा किंवा लाटा पाहून तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचे घर त्याच पाण्यावर चालते. तो एका दिवसाची कमाई सोडतो आहे, म्हणजे त्याला काहीतरी दिसले आहे.

काय घालावे, काय न्यावे

रबरी, मऊ तळव्याचे आणि पायात घट्ट बसणारे बूट घालावेत. सपाता आणि उंच टाचा यॉटवर धोक्याच्या असतात. साडी नेसायचीच असेल तर पदर खोचून घ्यावा, ओढणी घरी ठेवावी, कारण दोऱ्यांच्या कप्पीच्या चाकांत कापड अडकते. टोपीला हनुवटीखालून बांधायची दोरी हवी. ऊन वरून लागते तसे पाण्यावरून परावर्तित होऊनही लागते, म्हणून हनुवटीखाली आणि कानांमागेही क्रीम लावावे. मोबाइल गळ्यात अडकवण्याच्या जलरोधक पिशवीत ठेवावा. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. निघण्यापूर्वी तासभर पोहे किंवा इडली पुरे. मळमळीची सवय असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी, बोटीवर चढल्यावर घेऊन उपयोग होत नाही. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात असू द्याव्यात. सरकारी ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवे. खाण्याची प्लॅस्टिकची वेष्टने वाऱ्यावर उडून सरळ पाण्यात जातात, म्हणून खाऊ डब्यात न्यावा.

ड्रोन नेऊ नये. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते आणि हा सगळा परिसर नौदल गोदीला लागून आहे, त्यामुळे येथील सुरक्षा कडक असणे स्वाभाविक आहे.

जेट्टीवर

चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बस वा टॅक्सीने, अथवा भुयारी मेट्रोच्या हुतात्मा चौक स्थानकावरून चालत गेटवेला येता येते. आवारात शिरताना तपासणी असते आणि सुट्टीच्या दिवशी रांग लांबते, म्हणून ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचावे. कोणत्या क्रमांकाच्या जेट्टीवर यायचे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास येथे नौदलाचे कार्यक्रम असतात आणि परिसरावर निर्बंध येतात, तेव्हा त्या आठवड्यात आरक्षण करण्यापूर्वी चौकशी करावी. शौचालयाला जाऊन यावे, मुलांनाही नेऊन आणावे.

यॉट धक्क्याला लागत नाहीत, त्या समोर पाण्यात तरंगत्या बोयाला बांधलेल्या असतात आणि तेथपर्यंत छोटी होडी नेते. लाइफ जॅकेट याच छोट्या होडीत बसण्यापूर्वी घालावे, यॉटवर गेल्यावर नव्हे, कारण तोल जाण्याचा प्रसंग चढ-उतार करतानाच अधिक येतो. जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर माप मोठे आहे. लहान मुलाच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे.

होडीतून यॉटवर जाताना दोन्ही हात मोकळे हवेत. पिशव्या खलाशी देईल. लाटेने होडी वर उचलली जाते त्या क्षणी पाऊल टाकावे, खाली जाताना नाही. पाय बोटीच्या कडेवर न ठेवता आत, मधोमध टाकावा. दोन बोटींच्या मध्ये हात किंवा पाय कधीही अडकवू नये. एका वेळी एकच माणूस, आणि सगळे एका बाजूला गोळा होऊ नये.

पाण्यावर

शीड चढले की बोट एका बाजूला कलते आणि नवखा माणूस येथे घाबरतो. बोटीच्या तळाखाली जड धातूचा पात्यासारखा कणा असतो. बोट जितकी कलते तितका तो तिला सरळ करू पाहतो. तांडेल सांगेल त्या बाजूला, म्हणजे बहुधा उंच झालेल्या बाजूला, बसले की पुरते. डोलकाठीला आडवा जोडलेला जो दांडा शिडाचा खालचा काठ धरतो, त्याच्यावर मात्र सतत लक्ष हवे. बोट वळवताना तो एका बाजूकडून दुसरीकडे वेगाने येतो. तांडेलाने हाक दिली की आधी डोके खाली, मग बाकी सगळे.

डोलकाठीच्या बाजूच्या तारेवर लोकरीचा एक रंगीत धागा बांधलेला दिसेल. एकदा आमचा तांडेल बोलता बोलता दर काही क्षणांनी तिकडे पाहत होता. धागा आडवा, ताठ फडकत होता. मग तो जरा खाली झुकला, पुन्हा उठला, आणि त्याने काही न बोलता सुकाणूचा दांडा बोटभर सरकवला. शिडाच्या पुढच्या काठाची थरथर लगेच थांबली आणि बोट पुढे झेपावली. तो दांडा पाच मिनिटे हातात मागून पाहा. वारा मोकळा आणि आसपास जहाज नसेल तर बहुतेक तांडेल आनंदाने देतात, आणि मुलांना तर सगळ्या सफरीतली तेवढीच पाच मिनिटे वर्षभर आठवतात.

मोठ्या जहाजांचा मार्ग बंदरातून ठरलेला आहे. असे जहाज चटकन थांबू किंवा वळू शकत नाही, म्हणून त्याच्या वाटेतून छोट्या बोटीनेच दूर राहायचे असते. तांडेलाने मार्ग बदलला, एखाद्या ठिकाणी जायला नकार दिला तर कारण बहुधा हेच असते. मळमळू लागले तर मोबाइल खाली ठेवून दूरच्या डोंगरांच्या रेषेकडे पाहावे. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटींभोवती घिरट्या घालतात. त्यांना शेव-गाठ्या टाकणारे पुष्कळ दिसतील, आपण टाकू नयेत, तळलेले खारट पीठ हे त्यांचे अन्न नाही. पोहण्यासाठी पाण्यात उतरू नये, ओहोटीचा ओढ वरून दिसत नाही.

काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने

यॉटवर बसताच मागे वळून पाहावे. समोर २६ मीटर उंचीची गेटवेची कमान आहे. जॉर्ज विटेट यांनी तिचा आराखडा केला, ३१ मार्च १९१३ रोजी पायाचा दगड बसला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली. ज्या राजाच्या, म्हणजे पंचम जॉर्जच्या, आगमनाची ती खूण, तो १९११ मध्येच येऊन गेला होता. त्याला ही कमान पाहायला मिळाली नव्हती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. शेजारचे ताज हॉटेल तिच्याहून एकवीस वर्षांनी जुने, १९०३ चे. पाण्यावरून पाहिले की लक्षात येते की कमान नसतानाच्या त्या काळात बोटीतून येणाऱ्याच्या नजरेत ताजचा लाल घुमटच प्रथम भरत असणार. थोडे उजवीकडे, १८४६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची वास्तू आहे. जमिनीवरून या इमारती एकेक करून दिसतात. येथून त्या एका ओळीत उभ्या राहतात आणि त्यांची उंची, त्यांचे एकमेकींशी असलेले नाते समजते.

उत्तरेला नौदल गोदी आहे. तिच्याकडे कॅमेरा वळवू नये. युद्धनौकांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. डोळ्यांनी मात्र पाहावे आणि आठवावे की लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून येथे आले आणि त्यांच्या घराण्याने मलबारी सागवानाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये येथे जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जपून ठेवले आहे. दोनशे वर्षांहून जुने मुंबईचे लाकूड!

बोट पूर्वेकडे सरकली की मिडल ग्राउंड हा तटबंदीचा चिमुकला खडक दिसतो. तेथे उतरता येत नाही. त्यापलीकडे तेलाच्या टाक्या आणि लांब धक्के असलेले जवाहर द्वीप, म्हणजे बुचर आयलंड, आणि त्यामागे घारापुरीचे हिरवे उंचवटे. उजवीकडे दूर उरण-करंजाचे डोंगर, त्यांच्या अलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला तुर्भ्याची टेकडी आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू एका बारीक रेघेसारखा दिसतो.

दक्षिणेकडे वळलात तर कुलाब्याच्या काठाने १८७५ चा ससून डॉक लागतो. वारा किनाऱ्यावरून आला तर तो आधी नाकाला कळतो. रंगीत बावटे लावलेले ट्रॉलर तेथे दाटीने उभे असतात. त्याहीपुढे बंदराच्या तोंडाशी प्राँग्ज खडकावरचा दीपस्तंभ आहे. त्याच्या दक्षिणेला खुला समुद्र आणि खांदेरी-उंदेरी ही बेटे. त्यांपैकी खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या डोळ्यांदेखत किल्ला उभारायला घेतला. खांदेरी दोन तासांच्या टप्प्यात येत नाही, पण तांडेलाला दिशा विचारून तिकडे पाहावे. मुंबईच्या बंदराच्या तोंडावरच महाराजांनी तो खडक का निवडला असेल, हे नकाशापेक्षा बोटीवरून फार लवकर समजते.

अडचण आली तर

कोणी पाण्यात पडले तर मोठ्याने सांगावे, एकाने त्या माणसाकडे बोट दाखवत राहावे आणि क्षणभरही नजर हटवू नये. लाटांमध्ये डोके दिसेनासे व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्याने जवळचे तरंगते साहित्य फेकावे. वाचवण्यासाठी स्वतः उडी मारू नये. बोटीत पाणी आले तरी ती तरंगत असेतोवर बोटीशीच राहावे. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आहे. निघण्यापूर्वीच दोन्ही मोबाइलमध्ये साठवावेत आणि आपण कोठे, कोणत्या नावाच्या बोटीने, किती वाजता परतणार हे घरी कळवून ठेवावे.

परत येताना

शीड उतरवताना जागेवरून उठू नये, दोऱ्या तेव्हाच सर्वांत मोकळ्या असतात. दोन तासांत पाण्याची पातळी बदललेली असते, त्यामुळे ज्या पायरीवरून चढलात तीच पायरी मिळेल असे धरू नये. उतरण्यापूर्वी खलाशाला विचारावे, तो कोणत्या पायऱ्या कोरड्या आहेत ते सांगेल. लाइफ जॅकेट धक्क्यावर दोन्ही पाय टेकल्यावरच काढावे. खलाशांना बक्षीस द्यायचे असेल तर ते हातात द्यावे, आणि तांडेलाचा स्वतःचा क्रमांक मागून घ्यावा. पुढच्या खेपेला दिवस निवडताना त्यालाच विचारता येईल, की नवमीला वारा कसा राहील.